चढावर बंद पडलेली फोर-व्हील ड्राइव्ह खाली कशी आणावी

इंदूरहून महूमार्गे जानापाव किंवा चोरलकडच्या कच्च्या वाटेवर गाडी चढातच बंद पडली, तर बॉनेट उघडण्याआधी तिला जागीच अडकवावे. हँडब्रेक ओढावा, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणाऱ्या टप्प्यात) पहिला गिअर टाकावा आणि चाकांच्या उताराकडच्या बाजूला मोठे दगड ठोकून बसवावेत. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये मुळीच ठेवू नये, कारण मग गिअरमध्ये असलेली गाडीही घरंगळू शकते.

इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे उपकरण) एकदोनदा दाबण्यापुरताच साथ देतो; त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते आणि स्टिअरिंगही जड होते. म्हणूनच बंद गाडी उतारावर नुसती सोडून देणे मला सर्वस्वी अमान्य आहे. वरच्या अंगाला विंच (दोर गुंडाळणारे-सोडणारे यंत्र) असलेली दुसरी गाडी भक्कम उभी करून, दोर सतत ताणलेला ठेवून, बंद गाडी वीतवीत खाली सोडावी. दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नव्हे, तर चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, भक्कम हुकालाच अडकवावा आणि दोर पोलादी तारेचा असल्यास ती तुटून उसळू नये म्हणून तिच्या मध्यावर ओले घोंगडे टाकावे. झाडाचा आधार घेतल्यास खोडाभोवती रुंद पट्टा गुंडाळावा, कारण उघड्या तारेने साल सोलली जाते. गाडीच्या उताराकडे किंवा दोराजवळ कोणालाही, विशेषतः मदतीला धावून आलेल्या गावकऱ्यांना, उभे राहू देऊ नये.