दुसऱ्या मॉडेलचा मागचा शॉकअप बसवताय? आधी तीन मापं घ्या

जुन्या गाडीचे ओरिजिनल शॉकअप मिळत नाहीत, मिळाले तर महाग, म्हणून दुसऱ्या मॉडेलची जोडी घेतो आणि घरी आल्यावर कळतं की बोल्टच जात नाही. दुकानात जायच्या आधी गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी ठेवा आणि ही मापं लिहून न्या:

१. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी. ५-१० मिमीचा फरक असेल तर मी चालवून घेतो, त्याहून जास्त नको. लांब असेल तर मागून गाडी उचलली जाते, साइड स्टँड तोकडा पडतो, आखूड असेल तर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

२. बुशचं (शॉकअपच्या टोकातली, बोल्ट ज्यातून जातो ती नळी) भोक आणि रुंदी, वरचं खालचं दोन्ही. भोक मोठं असेल तर लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह करून घ्या (पत्रा गुंडाळून भरू नका, तो निघून येतो), रुंदी कमी पडली तर वॉशर टाका.

३. खालचं टोक गोल आहे की दोन पायांचं, हे जुळलंच पाहिजे.

बसवताना दोन्ही एकदम काढू नका. एक काढा, नवीन लावा, मग दुसरा, म्हणजे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) खाली पडत नाही आणि भोकं जुळवायला झटापट होत नाही.

आणि डबलसीट बसवून एकदा दाबून बघा, स्प्रिंग चेन कव्हरला किंवा सायलेन्सरला लागत असेल तर ती जोडी परत करा, काहीही घासून-कापून बसवू नका.