अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंगमध्ये व्यावसायिक कारकीर्द कशी घडवावी

रेलिंगवरून घसरत जाणे, कठड्यावर चढून ग्राइंड करणे (म्हणजे स्केटचा तळ कडेवर घासत पुढे जाणे) आणि रॅम्पवरून हवेत गिरकी घेणे, हे सारे एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सवर करण्याचा खेळ म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन. या खेळावर पूर्णपणे पोट भरणारे स्केटर जगात फार थोडे आहेत आणि हे सुरुवातीलाच सांगणे मला आवश्यक वाटते. १९९५ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे एक्स गेम्स ही साहसी खेळांची स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा तीत हा खेळ होता. दूरचित्रवाणीवर तो दिसू लागल्याने कंपन्यांचा पैसा आला, दौरे निघाले आणि विशीतल्या मुलांच्या नावाचे स्केट्स दुकानांत विकले जाऊ लागले. २००४ नंतर मात्र एक्स गेम्समधून हा खेळ वगळला गेला आणि तो पैसाही आटत गेला. ज्यांची सारी भिस्त त्या एका स्पर्धेवर होती त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. ज्यांनी चित्रफिती, स्वतःचा माल, शिकवणी किंवा स्पर्धांचे आयोजन असा दुसरा पाया घातला होता, ते टिकले. म्हणूनच पुढील सारे मार्गदर्शन, मिळकतीला पहिल्या दिवसापासून एकाहून अधिक आधार असावेत, हे गृहीत धरून केले आहे.

आपल्याकडील बहुतेक मुले रिंकवरील स्पीड स्केटिंगमधून चाकांवर उभी राहतात. तो मार्ग उत्तम आहे. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ज्या भारतीय पुरुष संघाने ३००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यात पुण्याचा विक्रम इंगळे होता. पण त्या खेळात घड्याळ निकाल देते आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी पायरी ठरलेली असते. अ‍ॅग्रेसिव्हमध्ये तसे काही नाही. येथे कोणी प्रमाणपत्र देऊन तुम्हाला व्यावसायिक ठरवत नाही. एखादी कंपनी तुमच्या नावाने स्केट, चाक किंवा फ्रेम (बुटाखालचा, चाके बसवलेला सांगाडा) बाजारात आणते, तेव्हा स्केटर मंडळी तुम्हाला ‘प्रो’ म्हणू लागतात.

फिटनेस स्केट्सवर हा खेळ शिकू नये. त्यांची चाके बहुधा ८० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असतात आणि फ्रेमच्या मध्यभागी ग्राइंडसाठी जागा नसते. अ‍ॅग्रेसिव्ह स्केटचा बूट टणक असतो, तळाला सोल प्लेट नावाची रुंद पट्टी असते, चाके साधारण ५५ ते ६० मिलिमीटरची व कडक असतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चाकामध्ये रेलिंग बसेल एवढी खाच असते. खरेदी करताना बूट आणि फ्रेम यूएफएस या सामाईक मापाचे आहेत ना, हे पाहावे, म्हणजे एका कंपनीच्या बुटाला दुसऱ्या कंपनीची फ्रेम बसते. सोल प्लेट व चाके झिजणारच, त्यामुळे सुटे भाग मिळणारे मॉडेलच घ्यावे. बूट पायाला घट्ट बसणारा हवा. ‘पाय वाढेल’ म्हणून एक माप मोठा घेतला, तर घोटा आतल्या आत हलतो आणि दुखापत होते.

सराव पडण्यापासून सुरू करावा. गुडघ्यांवर घसरत वेग जिरवणे, हात ताठ न टेकता खांद्यावरून लोळणे आणि ग्राइंड फसतो आहे हे जाणवताच पाय मोकळे करून रेलिंगच्या सुरक्षित बाजूला उतरणे, या तीन गोष्टी अंगात भिनेपर्यंत उंच रेलिंगकडे वळू नये. त्यानंतर गुडघ्याच्या खाली असलेला, मेण चोळून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कठडा निवडून त्यावर फ्रंटसाइड, सोल, मकिओ आणि रॉयल हे ग्राइंडचे मूलभूत प्रकार शिकावेत. येथे बहुतेक जण एक चूक करतात. आपल्या सोयीच्या बाजूने एक ग्राइंड जमला की ते लगेच अधिक उंच जागा शोधू लागतात. त्याऐवजी तोच ग्राइंड उलट पायाने करावा आणि गिरकी डावीकडे तसेच उजवीकडेही घ्यायला शिकावे. जाणकार डोळे तुम्ही किती उंचावरून उडी घेतली यापेक्षा उलट बाजूने तुम्ही किती सहज दिसता हे आधी पाहतात, आणि दुबळी बाजू विसाव्या वर्षी सुधारणे पंधराव्या वर्षापेक्षा फार कठीण असते.

या व्यवसायाचे खरे चलन म्हणजे सेक्शन, अर्थात एकाच स्केटरची दोन ते चार मिनिटांची चित्रफीत. स्पर्धेतील क्रमांक लोक वर्षभरात विसरतात, पण चांगला सेक्शन वीस वर्षांनंतरही पाहिला जातो. त्यासाठी सहा महिने ते वर्षभराचा काळ धरावा, कारण एकेका क्लिपसाठी कधी कधी पन्नास प्रयत्नही लागतात. चित्रीकरण करणारा मित्र हा तुमच्या कारकिर्दीचा अर्धा वाटेकरी असतो. त्याचे नाव ठळकपणे द्यावे आणि पैसे आले की त्यातील वाटा त्यालाही द्यावा. जागा निवडताना एकच प्रकारची रेलिंग पुन्हा पुन्हा घेऊ नये. ज्या वळणाकडे, उताराकडे किंवा भिंतीकडे इतरांनी ढुंकूनही पाहिले नाही, तेथे काहीतरी सुचणे हीच या कलेची ओळख आहे. गडकिल्ल्यांच्या पायऱ्या, मंदिरांचे घाट आणि संरक्षित वास्तू यांना मात्र हातही लावू नये; फ्रेमने दगडाची कड झिजते आणि ती पुन्हा येत नाही. खासगी आवारात परवानगी घ्यावी व पहारेकऱ्याशी हुज्जत न घालता निघून यावे. पार्श्वसंगीतासाठी परवानगी असलेलेच संगीत वापरावे, नाहीतर वर्षभराच्या मेहनतीची चित्रफीत एका तक्रारीने काढून टाकली जाऊ शकते.

स्पर्धांना जावे, पण निवडून. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे भरणारी विंटरक्लॅश ही जगभरच्या स्केटरांच्या भेटीची जागा आहे. फ्रान्समधील माँपेलिए येथील फिझे महोत्सवात पार्क प्रकार असतो, म्हणजे रॅम्प व कठडे बांधलेल्या आवारातील स्पर्धा. वर्ल्ड स्केट या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्ल्ड स्केट गेम्समध्येही रोलर फ्रीस्टाइल या नावाने हा खेळ खेळला जातो. पार्क प्रकारात ठरावीक सेकंदांच्या फेरीत न चुकता सलग खेळावे लागते, म्हणून तेथे नव्वद टक्के खात्रीचे डाव ठेवावेत. स्ट्रीट प्रकारात रस्त्यावरच्यासारख्या रेलिंग व पायऱ्यांवर खेळतात; त्याच्या जॅम पद्धतीत अनेक जण एकाच वेळी खेळतात आणि तेथे एक अविस्मरणीय डाव दहा सुरक्षित डावांवर मात करतो. मुलींनी ब्राझीलच्या फॅबिओला दा सिल्वा यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी. १९९६ पासून एक्स गेम्सच्या महिला व्हर्टमध्ये (उभ्या भिंतींच्या उंच रॅम्पवरील प्रकारात) सुवर्णपदकांमागून सुवर्णपदके जिंकल्यावर त्या पुरुषांच्या गटात उतरल्या, आणि स्त्रियांना तशी मुभा देणारा नियम त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

प्रायोजकत्वाची सुरुवात बहुधा ‘फ्लो’ने होते, म्हणजे स्केट्स फुकट किंवा सवलतीत मिळतात, पैसे मिळत नाहीत. त्यानंतर प्रवासखर्च, मग मासिक मानधन आणि शेवटी स्वतःच्या नावाच्या मालावर रॉयल्टी. कंपनीला पत्र लिहिताना आपल्या स्वप्नांचे वर्णन करू नये. सेक्शनचा दुवा, शहर, वय आणि आपण आपल्या भागातील स्केटरांसाठी काय करतो, एवढे चार ओळींत लिहावे. स्थानिक दुकान किंवा अकादमी हा पहिला प्रायोजक असेल तर त्यात काहीही कमीपणा नाही. करार आला की मुदत किती, दुसऱ्या कंपनीचा माल वापरण्यास मनाई आहे का, तुमची छायाचित्रे करार संपल्यावरही वापरली जातील का, रॉयल्टी घाऊक किमतीवर की किरकोळ किमतीवर, आणि जखमी असताना मानधन चालू राहील का, ही पाच कलमे वाचल्याशिवाय सही करू नये. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांनी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

हेल्मेट घालण्याविषयी स्ट्रीट स्केटरांमध्ये जी अनास्था दिसते, ती मला मुळीच मान्य नाही. घोटा बरा होतो, डोक्याचे तसे नसते. आरोग्य विमा घेताना साहसी खेळांतील दुखापती वगळल्या आहेत का, ते वाचावे. परदेशी स्पर्धेला जाताना प्रवास विम्याचेही तेच. उडीवरून उतरण्याचा भार पेलण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पोटऱ्या व कंबरेचा व्यायाम करावा, आणि घोट्याची सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असे न समजता फिजिओथेरपिस्टने होकार दिल्यावरच रेलिंगवर परतावे.

पस्तिशीनंतर काय, हा प्रश्न विशीतच विचारावा. अमेरिकेचे जॉन ज्युलिओ नव्वदच्या दशकात स्केटर म्हणून नावारूपाला आले, पुढे व्हॅलो हा ब्रँड उभा केला, कॅलिफोर्नियात ब्लेडिंग कप ही स्पर्धा भरवली आणि २०१८ मध्ये देम स्केट्स सुरू केले. खेळावरचे प्रेम न सोडता मिळकतीचे स्वरूप बदलत राहणे कसे असते, ते त्यांच्याकडून शिकावे. फ्रान्सचे स्केटर ताइग ख्रिस यांनी २०१० मध्ये आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून रॅम्पवर १२.५ मीटरची झेप घेतली आणि नंतर दूरसंचार क्षेत्रात कंपनी काढली. तुम्हाला यातले काहीच करायचे नसेल, तरी चित्रण व संपादन, रॅम्प बांधणीची सुतारकी, किंवा लहान मुलांना शिकवणे यांपैकी एक काम आतापासून हाती घ्यावे. रविवारी सकाळी सहा मुलांची शिकवणी घेतली, तर त्या महिन्याच्या चाकांचा आणि बेअरिंगचा खर्च तेथूनच निघू लागतो.