साल्व्हादोरचा कार्निव्हल पाहताना दोर कोणाच्या हातात आहे ते पाहावे

गड्ड्याच्या यात्रेत वाढलेल्या सोलापूरकराला मिरवणूक कशी पाहावी हे शिकवावे लागत नाही; सात नंदीध्वज कोणत्या क्रमाने निघतात आणि कोणत्या काठीचा मान कोणाकडे आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. ब्राझीलमधील साल्व्हादोर शहराच्या कार्निव्हलची चित्रफीत समोर आली, की ही नजर मात्र आपण बाजूला ठेवतो आणि रंग व नाच पाहून मोकळे होतो. अभ्यासमंडळात हा उत्सव दाखवायचा असेल, तर पुढील पद्धत मला उपयोगी पडली आहे.

पहिली पाच मिनिटे आवाज बंद ठेवावा. ध्वनिक्षेपकांनी लादलेला एक अवाढव्य ट्रक दिसेल, त्याला त्रियो एलेत्रिको म्हणतात. दोदो आणि ओस्मार या जोडीने १९५० साली जुन्या मोटारीवर वाद्ये चढवली, तेथून ही प्रथा सुरू झाली. अनेक ट्रकांभोवती जाड दोर ताणलेला असतो. दोराच्या आत एकसारखे सदरे घातलेले लोक असतात. हा सदरा, म्हणजे अबादा, विकत घ्यावा लागतो आणि नावाजलेल्या पथकांचा तर कामगाराच्या आवाक्याबाहेरचा असतो. बाहेर फुकट नाचणाऱ्या गर्दीला ‘पिपोका’, म्हणजे मक्याच्या लाह्या, असे नाव आहे. दोर धरून चालणारे ‘कोर्देइरो’ रोजंदारीवरचे आणि बहुतांशी काळे. येथे चित्रफीत थांबवून आतले, बाहेरचे आणि दोर धरणारे यांच्या चेहऱ्यांचा वर्ण पाहण्यास सांगावे. आपल्या गणपतीतही लेझीमच्या ताफ्याभोवती दोर असतो, परंतु तो धरणारे मंडळाचेच कार्यकर्ते असतात; हे श्रोत्यांपैकी कोणीतरी बोलून दाखवतोच, तोवर आपण गप्प राहावे.

त्यानंतरच इतिहास सांगावा, तोही थोडक्यात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही की भरपाई. १९७४ मध्ये लिबेर्दादे या काळ्या वस्तीत ‘इले आय्ये’ हे पथक स्थापन झाले, पुढच्याच वर्षी ते रस्त्यावर उतरले आणि त्यात प्रवेश फक्त काळ्यांना होता. स्थानिक वृत्तपत्राने त्यालाच वर्णद्वेषी ठरवले. ‘हा उलटा भेदभाव नव्हे काय?’ हा प्रश्न आपल्याकडेही हमखास येतो. त्याला उत्तर देण्याची घाई न करता दोराचे तेच दृश्य पुन्हा दाखवावे. आंबेडकर जयंतीची मिरवणूक ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आवाज आता सुरू करावा, पण ‘फील्योस दे गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र, या पथकासाठी. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, साल्व्हादोरच्या बंदरातील हमालांनी ते काढले. लोखंडी घंटेच्या ठेक्यावर चालणारे त्यांचे संगीत कांदोम्ब्ले या आफ्रिकी वंशाच्या धर्मातून आले आहे. अंगावर पांढरा झगा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा आणि डोक्यावर फेटा. हा फेटा म्हणजे चक्क टॉवेल असतो. त्यामुळे मी टेबलावर आपल्याच गावचा एक टेरी टॉवेल ठेवतो. तो बांधून दाखवायला कोणीतरी उत्साहाने पुढे येतो, पण सुती फेट्याचा घट्ट पीळ त्याला बसत नाही. डोक्यावरच टाके घालावे लागतात.