लोनवाली, केवायसीवाला आणि खोटा पोलीस : फोन आला की काय करायचं

दुपारी जेवायला बसलं की "सर पर्सनल लोन हवंय का" विचारणारी पोरगी वेगळी आणि "तुमच्या पार्सलमधे ड्रग्ज सापडलेत" म्हणणारा वेगळा. पोरगी बिचारी टार्गेटपायी फोन करते, तिच्यावर खेकसून काही होत नाही, नको म्हणा नि ठेवा.

तिच्यासाठी डीएनडी आहे, म्हणजे नको असलेले जाहिरातीचे कॉल थांबवायची सोय. १९०९ ला फोन करून चालू होतं, किंवा इंग्लिशमधे स्टार्ट लिहून स्पेस आणि शून्य असा एसेमेस त्याच नंबरला टाका. माझे कॉल कमी झाले, बंद नाही झाले, कारण फॉर्म भरताना खालच्या बारीक अक्षरातल्या चौकटीत आपणच टिक करतो आणि ती परवानगी डीएनडीला भारी पडते. जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा, साध्या दहा आकडी मोबाईलवरून आला तर १९०९ वरच तक्रार टाका.

आता दुसरा, खोटा पोलीस. तो म्हणतो तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय, व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही. असलं काही कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. ह्यांचा सगळा खेळ तुम्हाला फोनवर अडकवून ठेवायचा असतो, कुणाशी बोलायचं नाही, दार लावून घ्या वगैरे. म्हणून फोन कापा आणि आधी घरात कुणालातरी सांगा, बोललं की निम्मी भीती तिथंच उतरते. केवायसीसाठी म्हणून कुणी बँकेचं नाव घेतलं तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुरिअरवाला म्हणून कुणी *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावला तर करू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात, ओटीपीचे पण. चुकून केलंच तर ##००२# डायल केलं की फॉरवर्डिंग निघतं.

आणि त्यांची मजा घेत बसू नका हो, मी पण घ्यायचो आधी. नंबर चालू आहे एवढं त्यांना कळतं, बाकी काही नाही.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर मधेच गोठवता येतात. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद कॉल असेल तर सरकारच्या संचार साथी साइटवर चक्षू नावाची तक्रारीची सोय आहे, तिथं टाका.

आमच्या आईला हे सगळं लक्षात राहणार नाही, म्हणून फ्रिजवर मोठ्या अक्षरात दोनच ओळी चिकटवल्यात : "फोन ठेव. १९३०."