कॅन्सर रजिस्ट्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी फॉलो-अप, मग कोडिंग

कोल्हापुरात कॅन्सर रजिस्ट्रीच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवण्याच्या कामाला लागलं की पहिलं दडपण कोडिंगचं, म्हणजे प्रत्येक कॅन्सरला ठरलेला क्रमांक देण्याचं येतं. जिभेचा कॅन्सर सी०२, स्तनाचा सी५०, आणि पेशींचा प्रकार स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असेल तर त्याचा ८०७०/३. हे सरावाने बसतं. कस लागतो तो फॉलो-अपमध्ये, म्हणजे पेशंटची पुढची खबर घेत राहण्यात.

अनेक रुग्णालयांची माहिती एकत्र करून कोणत्या उपचारानंतर किती जण जगले हे काढायचं, तर निदानाची तारीख, शेवटची खबर मिळाल्याची तारीख आणि त्या दिवशी पेशंट हयात होता का, एवढं पक्कं हवं. ‘तपासणीला आला नाही’ याचा अर्थ ‘बरा आहे’ असा कधीच धरू नका. न येणाऱ्यांत दगावलेलेही असतात. त्यांना हयात मोजलं की निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि कमी पडणारा उपचार तसाच चालू राहतो. किती जण किती काळ जगले हे काढायची कॅप्लान-मायर पद्धत अशांना शेवटच्या खबरेपर्यंतच मोजते. पण आजार बळावला म्हणूनच येणं थांबलं असेल, तर तीही फसते. उपाय एकच, फोन. नोंदणीच्या दिवशीच संमती घेऊन दोन-तीन नंबर लिहा, त्यातला एक वेगळ्या घरातल्या नातेवाइकाचा. गावाकडे फोन संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर करा. ‘आहेत का?’ असं विचारू नका. ‘आजींची तब्येत कशी आहे?’ म्हणा.

बायोप्सी सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), ऑपरेशन मुंबईला, रेडिएशन परत इथं: एका बाईच्या तीन नोंदी होतात, त्यात एक माहेरच्या नावाने. नाव, वय, गाव आणि कॅन्सरची जागा एकत्र ताडून पाहा. जागा वेगळी असेल तर तो दुसरा कॅन्सरही असू शकतो, घाईने नोंदी जोडू नका. माहिती बाहेर देताना नाव-नंबर काढाच, शिवाय गावही. छोट्या गावातला दुर्मीळ कॅन्सर लगेच ओळखू येतो. आणि स्टेज, म्हणजे आजार किती पसरलाय याची नोंद, कोरी असेल तर दोन रुग्णालयांची तुलनाच करू नका.

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. नेहमीचा कोर्स ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), ३० बैठका, आठवड्याला पाच. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. पंचगंगेला पूर आला की शिरोळकडचे पेशंट अडकतात, २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांना आठवतात. तेव्हा नुसतं ‘गैरहजर’ लिहू नका, ‘रस्ता बंद’ लिहा. कारण नोंदलेलं असलं तरच जूनमध्ये राहायची सोय मागता येते आणि बुडालेल्या बैठका शनिवारी किंवा सहा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा देण्याचं नियोजन डॉक्टरांना करता येतं.