गोट्याची वाटी

पहिल्याच महिन्यात मी गोट्याला भरल्या वाटीसमोर उपाशी ठेवलं होतं. गोट्या कॉकॅटिल आहे, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. कॉकॅटिल दाणा सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून वाटी काठोकाठ दिसते. दोन दिवस मी येता-जाता बघून ‘आहे की अजून’ म्हणत होते. तिसऱ्या सकाळी वाटी उचलली तर हाताला वजनच लागेना. फुंकर मारली, तर सगळी वाटी ओट्यावर उडाली आणि तळाशी राळ्याचे सात-आठ दाणे उरले. तेव्हापासून रोज सकाळी आधी फुंकर, मगच चहा.

दाणे मी इंदूरच्या सियागंज बाजारातून आणते: राळे जास्त, बाजरी आणि नाचणी थोडी. त्याला दिवसाला दोन लहान चमचे पुरतात. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याची शेव. आपण इंदूरकर शेवेशिवाय पोहे खात नाही, तसा तोही बाकी सगळं बाजूला सारून त्याच बिया वेचतो. त्यात तेल फार, म्हणून त्या फक्त बक्षीस म्हणून, हातातून. खरी शेव तर अजिबात नाही. एवढ्याशा जिवाला मीठ झेपत नाही. पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) सुरू करायचे असतील तर दाण्यात चिमूट-चिमूट मिसळत काही आठवडे घ्या. एकदम बदललंत तर पक्षी खाणंच सोडतो.

नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, म्हणून भाजी हवीच. ती सकाळी, दाण्यांच्या आधी, भूक असताना द्यायची. गाजराचे सुबक तुकडे गोट्याने अकरा दिवस खाली भिरकावले. बाराव्या दिवशी गाजर बारीक किसलं आणि त्या ओलसर किसात राळे घोळवले. दाण्याला चिकटून कीस चोचीत गेला, जीभ जरा थबकली, आणि मग साहेबांनी नुसता कीसही उचलला. तांबडा भोपळा आणि लाल ढोबळी मिरची त्याच युक्तीने पोटात गेली. मेथी, शेवग्याचा पाला चालतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवतं. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात उलटी टांगा. खाणं, अंघोळ आणि खेळ एकदमच होतं. पावसाळ्यात भुट्ट्याची दोन बोटं जाड चकती द्या. इंदुरी भुट्ट्याचा कीस मात्र आपल्यासाठी.

उरलेली भाजी दोन तासांत काढा, मे महिन्यात त्याहून लवकर. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन (कटलफिशचं हाड) तारेने बांधून ठेवा.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोपटाला मिरची घाल, पेरू घाल.” मी हसले, पण त्यांचंच बरोबर निघालं. पक्ष्यांना तिखट लागत नाही. पण मिरची खाऊन त्याने चोच माझ्या गालाला पुसली, ती दुपार मी विसरणार नाही. (त्यांच्या माहेरी हिरवा पोपट होता, आपले देशी पोपट पाळायला आता वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.)

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि सफरचंदाच्या बिया कधीच देऊ नका. नॉन-स्टिक तवा फार तापला की त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो, म्हणून आमच्याकडे बिडाचाच तवा आहे.

वाटी फसवते, काटा फसवत नाही. दर रविवारी खाण्याआधी गोट्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा करते. तो ९२ ग्रॅमचा आहे. ८३ वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण पक्षी आजार लपवतात. काट्यावर तो थांबावा म्हणून सूर्यफुलाची एक बी त्याच्या डोक्यावर धरावी लागते. आकडा दिसेपर्यंत ती सोडू नका.