लांबलचक इटालियन शब्द: कुठे तोडायचे, कुठे जोर द्यायचा

इटलीत जास्त काळ राहायला आलेल्यांना उतरल्यावर कामकाजाच्या ८ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो (हाच तो परवाना), क्वेस्तूरा (पोलिसांचं मुख्य कार्यालय), आउतोचेर्तिफिकात्सियोने (स्वतःच लिहून दिलेलं घोषणापत्र) हे शब्द लगेचच तोंडात बसायला हवेत. ते घोकत बसू नका, आधी तोडा.

आपण अडखळतो ते जोडाक्षरांच्या सवयीमुळे. देवनागरीत पे-र्मे-स्सो अशी अक्षरं पडतात, पण इटालियन माणूस पेर-मेस-सो म्हणतो. दुहेरी व्यंजन दोन तुकड्यांत वाटलं जातं. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं, तर ते मागच्या तुकड्यात राहतात: सोज-जोर-नो, आप-पुन-ता-मेन-तो. 'स' मात्र पुढच्या व्यंजनाबरोबर जातो: क्वे-स्तू-रा, फि-स्का-ले. शाळेत वृत्तं शिकताना जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायचो, तोच कान इथे लावा. दुहेरी व्यंजनावर खरोखर थांबा. 'कासा' म्हणजे घर आणि 'कास्सा' म्हणजे पैसे भरायची खिडकी.

आता जोर. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या तुकड्यावर पडतो. शेवटच्या तुकड्यावर असेल तर लिहिताना स्वरावर खूण असतेच, जसं उनिवेर्सिता, पेर्के. खरी अडचण शेवटून तिसऱ्याची, कारण तिथे सहसा खूण करत नाहीत. नूमेरोत 'नू'वर जोर, मेदिकोत 'मे'वर. नगरपालिकेचं नोंदणी कार्यालय म्हणजे आनाग्राफे, तिथे 'ना'वर. 'ते बोलतात' या अर्थाच्या पार्लानोमध्ये 'पार'वर. 'ते फोन करतात' या अर्थाच्या तेलेफोनानोमध्ये तर थेट शेवटून चौथ्या, 'ले'वर!

यातले पुष्कळसे शब्द शेपटीवरून ओळखता येतात, म्हणून मी नवीन मुलांना आधी शेपट्या शिकायला सांगते. मेन्तोत 'मेन', त्सियोनेत 'त्सियो', आबिलेत 'आ', इस्सिमोत 'इस'. एवढ्यावर सरकारी कागदातले कितीतरी लांब शब्द सुटतात. फार्माचीआ आणि पोलित्सीआ यांत शेवटचा 'ई' ठासून म्हणायचा.

गावांच्या नावांना मात्र असा नियम पुरत नाही. मिलानोत जोर मधल्या 'ला'वर, पण नापोली, जेनोवा, पादोवा, बेर्गामो, ब्रिन्दिसी, तारान्तो या सगळ्यांत पहिल्या तुकड्यावर. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना घोषणा नीट ऐका, ऐकलेलं नाव वहीत देवनागरीत लिहा आणि जोराच्या तुकड्याखाली रेघ ओढा. शंका राहिली तर शब्दकोश उघडा, त्यात जोराची खूण दिलेली असते.